मुद्देमाल : एक सायकल

मुलांजेच्या कोर्टात मी कारकून, एकोणीस वर्षं झाली.
तुमचं अक्षर सुरेख आहे बाई, असं म्हणाले
जेवढे मॅजिस्ट्रेट आले आणि बदलून गेले.
'पुढील तारीख' हे दोन शब्द
मी झोपेतसुद्धा ओळ न सोडता लिहीन.

फुन्सानी न्खाता. वय बावीस. आरोप सायकलचोरीचा.
फुन्सानी म्हणजे आमच्या चिचेवात 'विचारा'.
आईबापांच्या मनात काय होतं कोण जाणे,
मी ते नाव पुकारायची
आणि लगेच वहीत डोकं घालायची.

पहिल्या तारखेला हवालदार आला नाही.
दुसऱ्या तारखेला आला, कागद ठाण्यात विसरून.
मग तुरुंगाच्या गाडीत डिझेल नव्हतं.
डिझेल मिळालं त्या दिवशी ड्रायव्हरच्या घरी मयत.
पुढचं आठवत नाही, वहीत असेल.
खोटं मात्र कोणीच बोललं नाही.
प्रत्येक कारण खरं होतं, हे मी शपथेवर सांगेन,
आणि त्या खऱ्याखुऱ्या कारणांखाली
एक माणूस हळूहळू दिसेनासा झाला.

सायकल ठाण्यामागे, आंब्याला टेकून.
हँडलला बांधलेल्या चिठ्ठीवरचा नंबर पावसात धुऊन गेला.
आधी हवा गेली. मग चेन
(चेन कोणी नेली, त्याची तक्रार कोणी केली नाही).
मग भोपळ्याचा वेल चढला चाकांच्या आऱ्यांतून,
आणि ठाणेदाराच्या बायकोने त्याचा कोवळा पाला
शेंगदाण्याचं कूट घालून शिजवला.
मीही खाल्लाय एकदा. चव होती.

त्याची बहीण चहाच्या मळ्यातून चालत यायची,
फडक्यात सुकी मासळी बांधून.
खिडकीशी उभी राहून विचारायची, किती दिवस अजून?
मी म्हणायची, होईल लवकर.
तिनेच सांगितलं, आत कसे झोपतात ते.
दीडशे माणसं, एकाच कुशीवर, एकात एक अडकवलेली.
मध्यरात्री कोणीतरी हाळी देतो
तेव्हा सगळी मिळून कूस बदलतात.
जुलै होता. डोंगरावरून चिपेरोनीचं गार धुकं उतरलेलं.
त्या रात्री मी पलंगावर
वाटेल तेव्हा वळले,
पुन्हा वळले.

फिर्यादी काम्वेंडो, मळ्यातला मुकादम.
दुसऱ्याच वर्षी त्याने मोटारसायकल घेतली.
बाजारात भेटला तर म्हणतो,
ती केस? अजून चालू आहे?
आणि टोमॅटो निवडू लागला.

पाचव्या वर्षी मोफत वकिली देणाऱ्या कचेरीतून
एक मुलगी आली, हातात यादी, चपला चिखलाने माखलेल्या.
तिने बोटांवर हिशेब केला.
त्याच दिवशी दोषी ठरला असता, म्हणाली,
तर शिक्षा भोगून केव्हाच घरी गेला असता.
फाइल सापडेना.
सापडली ती माझ्याच टेबलाखाली,
डुगडुगणाऱ्या पायाला टेकण म्हणून.
कोणी ठेवली ते विचारू नका.

सुनावणी सात मिनिटं चालली. आरोपीस सोडावे.
तो हलला नाही. कठड्याला धरून होता,
केस विरळ झालेला सत्तावीस वर्षांचा म्हातारा.
'साहेब, मी चोरली की नाही?'
'तू मोकळा आहेस.'
'ते कळलं, साहेब.
पण बहिणीच्या दारात मी कोण म्हणून उभा राहू?'

मॅजिस्ट्रेटने माझ्याकडे पाहिलं,
जणू उत्तर माझ्या वहीत असणार.
निकालाच्या रकान्यावर मी पेन टेकवलं
आणि उचलायचं विसरले.
शाईचा ठिपका मोहरीएवढा झाला, मग वाटाण्याएवढा,
मग पलीकडच्या पानावर उतरला
दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर.

सायकल अजून तिथेच आहे.
आपला मुद्देमाल घेऊन जावा, असं मुकादमाला कळवलं,
दोनदा. उत्तर नाही.
काल महिनाअखेरीची वही पुरी करायची होती.
मी सायकलीचं नाव लिहिलं
आणि पुढे, सुरेख अक्षरात,
पुढील तारीख.